न झालेला गोल

हिंगोली जिल्ह्यात भारताच्या फुटबॉल संघाची काळजी करणारी माणसं दोन. एक मी, दुसरे संपतराव. तिसरा कोणी असेल तर त्यानं स्वतःहून पुढं यावं, मी त्याला चहा पाजीन. पण तेरा वर्षांत कोणी आलेलं नाही. वसमतच्या बसस्टँडवर कोणालाही गाठा, क्रिकेटच्या संघातून कोणाला काढावं आणि कोणाला घ्यावं हे तो न विचारता सांगेल. फुटबॉल म्हटलं की तोच माणूस विचारतो, "ते वर्ल्ड कपवालं का? त्यात आपण कुठं हावोत?" कुठंच नाही. तेच तर दुखणं आहे.

मी व्यंकटराव. आमच्या घराण्याकडे गावच्या देवीची पूजा पिढ्यानपिढ्या आहे. ती थोरल्या भावाकडे गेली आणि मी टपाल खात्यात चिकटलो. मधली तीन वर्षं लष्कराच्या टपाल सेवेत कोलकात्याला होतो, तिथं ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबचा नाद लागला. लोक तिकडून साड्या आणतात, मी हा आजार घेऊन आलो. बायको होती तोवर "तुमची लाल-पिवळी पोरं आज पण हरली का?" एवढं तरी विचारायची. तिला जाऊन सात वर्षं झाली. मुलगी जान्हवी पुण्यात असते. जावई इंग्लंडमधल्या कुठल्याशा क्लबचा भक्त, त्या क्लबची बनियनं घालून झोपतो. त्याच्यापुढे एकदा आपल्या संघाचा विषय काढला तर म्हणाला, "बाबा, तुम्ही इंडियन फुटबॉल बघता? खरंच?" तेव्हापासून मी त्याच्याशी पुण्याच्या हवेबद्दल बोलतो.

संपतराव कळमनुरी तालुक्यातले. दीडशे मेंढ्या, दोन कुत्री, एक घोडी. पावसाळा सरला की कळप घेऊन निघायचं, कोणाच्या रानात चार रात्री मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत मिळालं की पुढच्या रानात जायचं. आश्रमशाळेत असताना एका मास्तरांनी कुठून तरी फुटबॉल आणला होता. चार वर्षं सगळी शाळा त्या एकाच चेंडूवर अनवाणी खेळली. त्या चार वर्षांवर हा माणूस साठीपर्यंत आला.

आमची गाठ पडली वारंगा फाट्यावर. मी एसटीची वाट बघत पेपर वाचत होतो. खांद्यावर घोंगडी घेतलेला एक माणूस जवळ आला आणि म्हणाला, "म्हाराज, त्यात फुटबॉलचं काई लिवलंय का?" मला आधी वाटलं हा माझी थट्टा करतोय. त्या दिवशी माझ्या दोन एसट्या गेल्या. जाता जाता त्यांनी विचारलं, "तुमी कोण्या टीमचे?"

"ईस्ट बंगालचा."

"त्याच्या उलटी कोणती?"

"मोहन बागान."

"मंग मी बागानचा. दोघं बी एकाच बाजूला बसलो तर बोलावं काय?"

तेव्हापासून ते बागानचे. बागानशी त्यांचं दुसरं काही नातं नव्हतं, पण बागान हरलं की त्या दिवशी ते जेवत नसत.

संपतरावांकडे बटणांचा फोन. मुलानं, रामनं, टचचा घेऊन दिला होता तो पहिल्याच महिन्यात विहिरीत गेला. म्हणून आमची एक रीत पडली. मी जान्हवीच्या जुन्या टॅबवर सामना लावायचा, फोन कानाला धरायचा आणि त्यांना सगळं सांगायचं. पहिल्या दिवशीच त्यांनी मला झापलं होतं. "नुसती नावं काहून घेता म्हाराज? चेंडू कुठं हाय ते सांगा." मग आम्ही ठरवलं की त्यांनी रानात पश्चिमेला तोंड करून बसायचं. आपला गोल डाव्या हाताला, समोरच्याचा उजव्या हाताला. मध्यंतर झालं की संघ बाजू बदलतात, म्हणून संपतरावांनी उठून पूर्वेला तोंड करायचं, म्हणजे डावं-उजवं पुन्हा जिथल्या तिथं. कोणाच्या रानात हा माणूस मध्येच उठून दिशा का बदलतो हे शेतकऱ्यांना कधी कळलं नाही. एकानं तर विचारलं होतं, हा कुठला नवस म्हणून.

सामना नसेल तेव्हा वाद. क्लबचा फॉर्म, कोचची अक्कल, संघाचं भवितव्य. "रिटायर झालेल्या चाळिशीतल्या माणसाला घरून परत बोलवून आणलं गोल मारायला," ते म्हणायचे. "एडका म्हातारा झाला की आमी दुसरा आणतो. तुमच्या फेडरेशनला एवढं बी कळत न्हाई?" फेडरेशन माझं असल्यासारखा मी चिडायचो. अर्धा अर्धा तास भांडायचो. फोन ठेवला की घरात एकदम शांत व्हायचं, आणि मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायचो.

परवाच्या ऑक्टोबरातली, चौदा तारखेची गोष्ट. सिंगापूरशी गोव्यात सामना. जिंकलो तर आशिया कपची आशा, हरलो तर सगळं संपलं. संध्याकाळी सातलाच संपतरावांचा फोन आला. आवाज बारीक होता. त्यांच्या बायकोच्या, चांगुणाबाईंच्या, पोटात गाठ निघाली होती, उद्या सकाळी नांदेडला ऑपरेशन. मुलगी अंजली दवाखान्यात होती. हे मात्र रानात अडकले होते, कारण बरोबरचा भाऊ तापानं पडलेला आणि दीडशे जित्राबं कोणाच्या भरवशावर सोडायची?

"म्हाराज," ते म्हणाले, "मी आज कौल लावलाय."

"कुठल्या देवीला?"

"मॅचवर. आपण जिंकलो तर ती घरी येती. हरलो तर..."

मी ओरडलोच. "अहो, आपल्या संघावर कोणी कौल लावतं का? जिल्ह्यात एवढ्या देव्या आहेत!"

"आता लावला. लावलेला कौल फिरवता येत न्हाई. तुमाला म्या काय सांगावं, तुमच्या घरचंच हाय ते."

कौल आमच्या घरचाच, हे खरं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर काम होणार, डावं पडलं तर नाही. मी दहा वर्षांचा असताना वडिलांच्या शेजारी बसायचो. एखादी बाई तापलेलं लेकरू घेऊन रडत आली की वडील उजवं फूल कमी पाण्यात बुडवायचे. ते आधी पडायचंच. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "देवीला चालतं." भावानं ही गादी घेतली, पण हे फक्त मला ठाऊक होतं.

सामना सुरू झाला. चौदाव्या मिनिटाला आपल्या पोरानं लांबून असा फटका हाणला की मी खुर्चीतून उठलो. संपतरावांची कुत्री भुंकलेली फोनवर ऐकू आली. मध्यंतराला मिनिटभर उरलं असताना सिंगापूरनं बरोबरी केली. तेही मी सांगितलं, जसं घडलं तसं. पलीकडून नुसतं "व्हय" आलं. मग ते उठून पूर्वेला तोंड करून बसले.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला सिंगापूरनं दुसरा गोल केला. सोपा, सरळ, कोणीही अडवायला नसलेला. माझ्या तोंडात शब्द आला आणि तिथंच राहिला.

"काहून गप झाले म्हाराज?"

"रेंज," मी म्हणालो. "काही नाही. चेंडू बाहेर गेला."

एवढंच पहिलं खोटं. ते बोलून झाल्यावर मागं फिरायला जागा राहिली नाही. टॅबवर आपली पोरं दमून इकडून तिकडे चेंडू ढकलत होती आणि मी फोनवर दुसराच सामना खेळवत होतो. उजव्या हातानं, रेषेला धरून पळणारा एक पोरगा मी पळवला. मधल्या फळीला मी शहाणपण दिलं. चेंडू कुठं आहे ते दर सेकंदाला सांगत गेलो, आणि ऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून आलेल्या चेंडूवर आपल्या पोरानं डोकं लावलं. "गोल!" मी ओरडलो. संपतराव ओरडले, कुत्री ओरडली, मेंढ्याही उठल्या असाव्यात. शेवटच्या मिनिटाला मी सिंगापूरचा एक फटका खांबाला लावून परत पाठवला. सरळ सरळ जिंकलो असतो तर आपल्या संघाला ओळखणाऱ्या माणसाला ते खरं वाटलं नसतं.

एक गोष्ट लपवत नाही. मला त्यात मजा आली. दया म्हणून सुरू केलं हे कबूल, पण दहा मिनिटांनी चांगुणाबाई माझ्या डोक्यात नव्हत्या. इतका सुंदर फुटबॉल मी कोलकात्यातही पाहिला नव्हता.

"जिंकलो ना म्हाराज? बराबर ऐकलं ना म्या?"

"दोन-एक," मी म्हणालो. आकडे तेवढे खरे होते, फक्त बाजू उलटी होती.

फोन बंद झाला. टॅबवर आपली पोरं गवतावर आडवी पडली होती, एकानं तोंडावर सदरा ओढून घेतला होता. आशिया कप गेला. मला रडू आलं, साठी ओलांडलेल्या माणसाला येऊ नये तसं. अशा वेळी एकाच माणसाला फोन करायचा असतो, आणि तोच माणूस रानात आनंदानं भाकर खात होता. हरलो हे सांगायला मला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली. "कौल खरा झाला," असं तीनदा म्हणाले. मी ठरवलं, बाई घरी येऊ द्याव्यात, मग सांगू. त्या घरी आल्या. मग म्हटलं दिवाळी होऊ द्यावी. दिवाळी झाली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि धीरही होता. कारण हिंगोली जिल्ह्यात हे खोटं पकडणारा माणूसच नव्हता. पेपरात चार ओळी आल्या असतील, त्या रानात कोण वाचणार?

आमचे वाद चालू राहिले, पण आता ते एकट्याचेच वाद होते. "आपले पाच पॉइंट, शिंगापूरचे पाच, हाँगकाँगचे आठ," संपतराव मांडणी करायचे. "ढाक्याला जिंकलो आन् मार्चात हाँगकाँगला हाणलं की अकरा. मंग कोण अडवतंय?" मी "हो" म्हणायचो. पूर्वी मी तासभर भांडलो असतो की आपली मागची फळी कच्ची आहे, पुढं गोल मारणारा नाही, हा संघ कुठंही जाणार नाही. आता जे संघाचं खरं होतं तेच मला बोलता येत नव्हतं. दोन पॉइंटवर संपलेल्या संघाचं दुःख मी रात्री जेवताना एकटा करायचो आणि पाच पॉइंटवाल्या संघाचा आनंद फोनवर. एकदा ते म्हणाले, "म्हाराज, तुमी पहिल्यासारखं भांडून न्हाई राहिले. तब्येत बरी हाय ना?"

सिंगापूरच्या सामन्यानंतर चौथ्याच दिवशी कोलकात्यात बागाननं ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून शील्ड ही तिथली जुनी स्पर्धा जिंकली होती. तो सामना मी त्यांना एका शब्दाची फेरफार न करता सांगितला, प्रत्येक पेनल्टी जशीच्या तशी. वाटलं, तेवढंच पाप कमी होईल. ते खूष झाले आणि मला चिडवत राहिले. मला थोडं बरं वाटलं.

नोव्हेंबरात आपण ढाक्याला बांगलादेशकडून हरलो. ते मी सांगितलं, आणि सांगताना मनात म्हटलं, सुटलो, आता आपोआप सगळं मिटेल. पलीकडून पुटपुटत काहीतरी मोजल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला, "हाँगकाँगला तीन-चार गोलांनी हाणलं तर? काई तरी हिसाब बसंल." तोवर तिकडे सिंगापूर आशिया कपला पोचलंसुद्धा होतं.

त्यानंतर आठवडाभर फोन आला नाही. मी लावला तर बंद. नवव्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर संपतराव, एकटे. कळप वारंग्याच्या अलीकडे भावाजवळ सोडून ते एसटीनं आले होते. तेरा वर्षांत ते माझ्या घरी दोनदा आले असतील. खुर्चीच्या कडेला बसले. मी चहा ठेवला.

"फाट्यावर एक ट्रक उभा व्हता," ते म्हणाले. "बंगालचा. पुढच्या काचेत बागानचा झेंडा. हिरवा आन् तो दुसरा."

"मरून."

"व्हय. म्या पहिल्यांदा पाहिला तो झेंडा. तुमी रंग सांगितले व्हते म्हणून वळखला. ड्रायवर हाटेलात चहा पिऊन राहिला व्हता. म्या गेलो, म्हणलं, मैं भी बागान का. त्यानं मला मिठी मारली, म्हाराज. खुर्ची दिली. आमी शील्डचं बोललो, तुमी सांगितलं तसंच त्यो बी सांगून राहिला व्हता. मंग म्या म्हणलं, और इंडिया ने सिंगापूर को क्या मारा."

मी गॅस बंद केला.

"त्याला वाटलं मी मस्करी करून राहिलो. म्या आईची शपथ घेतली. डोक्यानं मारलेला गोल सांगितला, खांबाला लागलेला बी सांगितला. मंग त्यानं मोबाइल काढून दाखवला. हाटेलातली समदी मानसं हसली. त्यो ड्रायवर न्हाई हसला. त्यो माझ्याकडं असा पाहून राहिला, जसं माझ्या डोक्यात काई बिघाड हाय."

मी हात जोडले. कौलाचं सांगितलं, चांगुणाबाईंचं सांगितलं, वडिलांच्या फुलाचंसुद्धा सांगितलं, जे भावालाही कधी सांगितलं नव्हतं. संपतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते समजलं मला येतायेताच," ते म्हणाले. "माझ्या तकलीफीसाठी केलं. ती बरी झाली, ते डॉक्टरच्या हातानं झाली, तुमच्या गोलानं न्हाई. त्याचं मला काई न्हाई." मग त्यांनी विचारलं, "यंदा लीग सुरूच न्हाई झाली म्हणले व्हते तुमी. ते?"

"ते खरं आहे."

"एवढ्या मोठ्या देशाची लीग अशी बंद ऱ्हाते व्हय?"

"राहिली आहे. फेडरेशनचा घोळ आहे. संपतराव, खरंच बंद आहे हो."

ते "हं" म्हणाले. त्यांच्यापुढे ठेवलेल्या चहावर साय धरली होती. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"आन् कतारचं?"

मला कळलं ते कशासाठी आले होते. सहा वर्षांपूर्वी भारतानं कतारला, त्याच वर्षीच्या आशियाच्या विजेत्या संघाला, त्यांच्याच मैदानावर शून्य-शून्य असं रोखलं होतं. पंचवीसच्या वर फटके त्यांनी मारले आणि आपला गोलकीपर सगळ्यांना पुरून उरला. तो सामना ऐकल्यावर संपतराव महिनाभर भेटेल त्या शेतकऱ्याला तो गोलकीपर समजावून सांगत होते. शेतकऱ्याला यातलं अवाक्षर कळत नसे, तरी सांगत होते. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना तो.

"ते खरं आहे," मी म्हणालो. "देवीची शपथ. थांबा." मी टॅब आणला, निकाल शोधला, त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी नीट वाचलं. "शून्य-शून्य. बराबर हाय. पण मी निकाल न्हाई इचारून राहिलो. निकाल कोणी बी देईल. त्यानं कसं अडवलं, ते तुमी सांगितलं व्हतं. ते सांगा."

मी सांगायला लागलो. कोपऱ्यातून चेंडू कसा आला, गर्दीत सगळे कसे वर उडाले, आणि हा उंच पोरगा एका हातानं तो बारच्या वरून कसा काढून टाकतो. पुन्हा फटका, पुन्हा झेप, डाव्या हाताला, जमिनीलगत. मी उभा राहिलो होतो. माझा आवाज चढला होता, हात गोलकीपरच्या हातासारखा वर गेला होता. संपतरावांनी डोळे मिटले. त्यांची मान चेंडूबरोबर डावीकडे वळली, उजवीकडे वळली, तोंडावर जुनं हसू आलं. मला वाटलं, आले परत. मी आणखी जोरात सांगू लागलो.

मग त्यांनी डोळे उघडले.

"बास, म्हाराज," ते म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडलो असतो. "शिंगापूरच्या दिशी बी तुमचा आवाज असाच व्हता."

माझा हात अजून वरच होता. तो मी खाली घेतला, तोवर ते पायात चपला घालून बाहेर पडले होते.